जुन्या जेट स्कीचं इंजिन बांधायचं की सोडून द्यायचं

बंद पडलेली जुनी जेट स्की विकणारा माणूस हमखास एक वाक्य ऐकवतो: "फक्त हाफ इंजिनचं काम आहे, पिस्टन-रिंगा टाकल्या की पळेल." कधीकधी ते खरंही असतं. पण पिस्टन कशामुळे गेला हे बहुतेक वेळा कोणी शोधलेलं नसतं, आणि ते कारण तसंच ठेवून घातलेला नवा पिस्टन पहिल्या-दुसऱ्या टाकीतच जुन्याच्या वाटेने जातो. इंजिन बांधण्याचा निर्णय म्हणजे खरं तर दोन प्रश्न: हे का गेलं, आणि त्याच्याभोवतीचं बाकीचं यंत्र एवढा खर्च करण्याच्या लायकीचं उरलंय का.

खालचा क्रम स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर थांबता येतं, आणि जितक्या लवकर थांबाल तितके पैसे वाचतात.

इंजिन कोणतं आणि पार्ट मिळतात का

हलच्या (जेट स्कीच्या फायबरच्या अंगाच्या) मागच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात एक क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या यंत्रांत तो बारा अक्षरी असतो आणि शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष दाखवतात. इंजिनवरचा क्रमांक वेगळा टिपून घ्या. पंचवीस-तीस वर्षांत इंजिन एकदा बदललेलं असणं अगदी शक्य आहे, आणि मग मॉडेलच्या वर्षावरून मागवलेला गॅस्केट सेट बसत नाही.

२००२ च्या आधीच्या जवळपास सगळ्या जेट स्की दोन-स्ट्रोक आहेत. त्या वर्षी सी-डूची ४-टेक, यामाहाची एफएक्स १४० आणि होंडाची ॲक्वाट्रॅक्स ही चार-स्ट्रोक यंत्रं आली. हा फरक महत्त्वाचा आहे. दोन-स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह ट्रेन नाही, टायमिंग चेन नाही. साध्या हत्यारांनी आणि चांगल्या मशीन शॉपच्या मदतीने ते नीट बांधता येतं. चार-स्ट्रोकचं गणित वेगळं, ते शेवटाकडे येईल.

पार्टची चौकशी पिस्टनपासून सुरू करू नका. पिस्टन जवळपास कशाचेही मिळतात. विचारायचं ते क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य दांडा), सिलिंडर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि इलेक्ट्रॉनिक बॉक्सबद्दल. यामाहाचं ७०१ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन सुपरजेटमध्ये २०२० पर्यंत येत होतं, त्यामुळे त्याचे पार्ट भरपूर आहेत. सी-डूमधली रोटॅक्स ७१७ आणि ७८७ इंजिनं इतकी खपली की त्यांचे बांधलेले क्रँक अजून सहज सापडतात. उलट आर्क्टिक कॅटने टायगरशार्क १९९९ मध्ये बंद केली आणि पोलारिसने २००४ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्यांच्या इंजिनाचं काम काढण्याआधी सगळ्या पार्टची यादी हातात हवी, नाहीतर सिलिंडर बोअर करून (आतून थोडा मोठा कापून) आणल्यावर एका साध्या वॉटर जॅकेटच्या झाकणासाठी काम अडून बसतं.

आधी इंजिन सोडून बाकी सगळं बघा

नवशिका थेट स्पार्क प्लगला पाना लावतो. तुम्ही तसं करू नका. एक तास हलला आणि पंपाला द्या.

हलच्या वरच्या आणि खालच्या भागाचा सांधा रबरी बंपरच्या आत असतो. बंपर थोडा सोडवून सांधा उघडलाय का पाहा. पंप जिथे बसतो तिथे आणि इंजिनच्या माऊंटांभोवती फायबरला तडे आहेत का ते टॉर्च लावून बघा. माऊंटची मुळं हलली असतील तर इंजिन आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत राहत नाही, आणि नवं इंजिन बसवलं तरी कपलर (इंजिन आणि पंपाच्या शाफ्टला जोडणारा तुकडा) आणि क्रँकची सील खात राहतं. हलच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षं पाणी साचलं की तो पाणी पितो. ट्रेलरसकट वजन करून ट्रेलरचं वजन वजा करा आणि कंपनीने दिलेल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. इंधन आणि तेल जमेला धरूनही २५-३० किलोंहून जास्त फरक राहिला, तर फोम भिजलाय असं समजायला हरकत नाही. तो काढून नवा भरणं हे इंजिनपेक्षा कंटाळवाणं काम आहे.

पंपाकडे मागून बघा. इम्पेलरची (पंपातल्या फिरत्या पंख्याची) पाती आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीची झिजणारी कडी) यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. ती १ मि.मी.च्या पुढे गेली असेल तर रिंग बदलायची. हा फार मोठा खर्च नाही, पण यादीत धरावा लागतो. इम्पेलर हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐका. शाफ्टच्या स्प्लाइन झिजून टोकदार झाल्या असतील तर तेही लिहून ठेवा.

मग वीज. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावा, इलेक्ट्रिकल बॉक्स उघडा. आत हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी शिरून गेलंय. १९९० च्या दशकातल्या मधल्या काळापासूनच्या बऱ्याच सी-डूमध्ये लॅनयार्डची (चालकाला बांधायच्या सुरक्षादोरीची, जी चावीचंही काम करते) टोपी लावली की दोन छोटे बीप येतात. ते आले नाहीत, तर चावी, तिची खुंटी किंवा खुद्द कंट्रोल मॉड्यूल यांपैकी काहीतरी गेलंय, आणि मॉड्यूल हा महागडा भाग आहे. प्रत्येक प्लगला ठिणगी येते का हे इंजिन खोलण्याआधीच बघितलेलं बरं.

तीन आकडे

आता कागद घ्या. पहिला आकडा: तेच मॉडेल, तेच वर्ष, चांगलं चालणारं यंत्र आज किती किमतीला खरोखर विकलं जातं. जाहिरातीत मागितलेली किंमत धरू नका, जाहिराती महिनोन्महिने तशाच पडून असतात. दुसरा आकडा: तुमचं यंत्र आहे त्या अवस्थेत किंवा सुटे भाग करून किती देईल. तिसरा: दुरुस्तीचा पूर्ण खर्च, आणि त्यावर २५ ते ३० टक्के. ही वरची टक्केवारी घाबरटपणाची नाही. गंजलेले बोल्ट तुटतात, मॅनिफोल्डमध्ये तडा सापडतो, वायरिंग हात लावताच मोडतं. जुन्या यंत्रात हे होतंच.

पहिल्यातून दुसरा वजा करा. उरलेल्या रकमेपेक्षा तिसरा आकडा कमी असेल तर काम पैशाच्या हिशेबानेही पटतं. तो जास्त आहे आणि तरी तुम्हाला तेच यंत्र हवंय, शिकायचंय, हातातल्या जागेचा आणि वेळेचा उपयोग करायचाय, तर खुशाल करा. फक्त मग त्याला बचत म्हणू नका. आतापर्यंत त्या यंत्रावर किती घातले हा आकडा या कागदावर कुठेच येत नाही. घातलेले पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत.

कॉम्प्रेशन मोजताना

सीट काढून दहा-पंधरा मिनिटं इंजिनची पोकळी उघडी ठेवा. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी बसते. सगळे प्लग काढा आणि प्लगच्या टोप्या बॉक्सवर दिलेल्या अर्थिंगच्या खुंट्यांवर बसवा. हे टाळलं तर दोन तोटे होऊ शकतात: इग्निशनचा बॉक्स जळतो, किंवा प्लगच्या भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्याला ठिणगी मिळते.

गेज पहिल्या सिलिंडरला हाताने घट्ट बसवा. थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा, साधारण सहा-सात फेऱ्या. मग पुढचा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडर दोनदा मोजा. थ्रॉटल बंद असेल, बॅटरी मरगळलेली असेल किंवा गेजच्या नळीच्या टोकाला व्हॉल्व्ह नसेल तर आकडा खोटा कमी येतो. सगळे सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर आधी या तिन्ही गोष्टींवर संशय घ्या.

बहुतेक दोन-स्ट्रोक जेट स्की इंजिनांत निरोगी आकडा १२० ते १५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान येतो. नेमका तुमच्या इंजिनचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. १००-११० च्या खाली घसरलेलं इंजिन चालू असलं तरी झिजलेलं आहे. एका सिलिंडरमध्ये १४५ आणि दुसऱ्यात ७० असं काही दिसलं, तर तिथे झीज नाही, अपघात झालाय: रिंग तुटलीय, पिस्टन वितळलाय किंवा गॅस्केट फुटलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर हेड गॅस्केट किंवा ओ-रिंगकडे बोट जातं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा झटकन वर गेला तर रिंगा आणि भिंती झिजल्यात.

पण चांगला आकडा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कॉम्प्रेशन फक्त पिस्टनच्या वरची गोष्ट सांगतं. क्रँकची बेअरिंग, सील, खालचा गंज यांबद्दल ते अक्षरही बोलत नाही. १५० दाखवणारं इंजिन पुढच्या आठवड्यात बेअरिंग फोडून बसू शकतं.

इंजिन मुळातच फिरत नसेल तर सेल्फवर जोर देऊ नका. प्लग काढून कपलर हाताने फिरवायचा प्रयत्न करा. प्लगच्या भोकातून पाणी किंवा तेल बाहेर आलं तर सिलिंडर द्रवाने भरला होता. अशा अवस्थेत प्लग न काढता सेल्फ मारलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकल्याची शक्यता धरून चाला. काहीच हलत नसेल तर प्लगच्या भोकांतून भेदक तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि पुन्हा हाताने बघा. सुटलं तरी ते इंजिन आता फक्त तपासण्याजोगं आहे, चालवण्याजोगं नाही.

पिस्टन काय सांगतो

प्लगच्या भोकातून कॅमेरा घाला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढता आला तर पिस्टनची बाजू आणि रिंगाही दिसतात. दोन-स्ट्रोकचा पिस्टन आपल्या मरणाचं कारण अंगावर लिहून ठेवतो.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर उष्णता वाढली होती: मिश्रणात पेट्रोल कमी पडलं किंवा थंड करणारं पाणी अडलं. इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील तर तेल कमी पडलं किंवा वाळू-माती आत गेली. चार कोपऱ्यांवर सारख्या अंतराने चार पट्टे दिसले तर पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त वेगाने फुगला. थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण वेगात पळवलं, किंवा बोअर करताना फट कमी ठेवली, तर असं होतं. माथ्याच्या कडेला वाळूने खरवडल्यासारखे बारीक खड्डे म्हणजे डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा आतल्या आत स्फोट. माथ्याला आरपार भोक म्हणजे लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण किंवा वेळेआधी पेटणं. आणि एखाद्या सिलिंडरचा पिस्टन इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तिथे पाणी जातंय.

कारण शोधणं हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फायद्याचा भाग आहे. काही नेहमीचे गुन्हेगार सांगायलाच हवेत.

१९९० च्या दशकातल्या सी-डूमध्ये कंपनीने घातलेल्या करड्या रंगाच्या इंधननळ्या आतून विरघळतात. त्यांचा हिरवट चिकटा कार्ब्युरेटरच्या आतल्या बारीक जाळीत बसतो, एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं आणि तो पिस्टन जळतो. बाहेरून नळ्या धडधाकट दिसतात. यंत्रात या नळ्या अजून असतील तर त्या सगळ्या बदलणं, इंधनाचा नॉब साफ करणं किंवा नवा घालणं आणि कार्ब्युरेटर उघडून नवं किट टाकणं हा इंजिनच्या खर्चाचाच भाग आहे. किट घेताना कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपनीचंच घ्या. स्वस्त किटमधली नीडल-सीट नीट बंद होत नाही आणि पॉप-ऑफ दाब (नीडल उघडायला लागणारा दाब) मॅन्युअलमधल्या मर्यादेत राहत नाही.

दुसरा गुन्हेगार तेलाचा पंप. बऱ्याच वेळा पंप चांगला असतो, पण नळीत हवा अडकलेली असते किंवा तेलाच्या टाकीची गाळणी तुंबलेली असते. तिसरा, पाण्याच्या नळ्या: मीठ, शिंपल्यांचा चुरा आणि वाळू एक्झॉस्टच्या जॅकेटमध्ये जमते. आणि चौथा म्हणजे क्रँककेसमधून (क्रँक ज्या पेटीत बसतो तिच्यातून) हवा शिरणं, जो डोळ्यांना दिसत नाही.

गळतीची चाचणी

दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथल्या सीलमधून बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं, मग कार्ब्युरेटर कितीही जुळवा. चाचणी सोपी आहे. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट काढून त्यांच्या तोंडांवर रबर आणि पत्र्याच्या झाकण्या आवळा. इंधनपंपाला जाणारी पल्स नळी बंद करा. हातपंपाने ५ ते ६ पीएसआय दाब भरा. त्याहून फार वर जाऊ नका, चांगलं सीलही जागेवरून सरकू शकतं. एका मिनिटात १ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरत असेल तर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधा, पण सुरुवात स्वतःच्या झाकण्यांपासून करा. बहुतेक गळती तिथेच निघते.

सी-डूच्या रोटरी व्हॉल्व्ह (इनटेक उघडणारी-मिटणारी फिरती चकती) असलेल्या इंजिनांत, म्हणजे ५८७, ६५७, ७१७ आणि ७८७ मध्ये, क्रँककेसच्या मध्ये रोटरी व्हॉल्व्हच्या गिअरसाठी तेलाची वेगळी पोकळी असते. तिथली आतली सील गेली की तेलाच्या टाकीतलं तेल उभ्या यंत्रात हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. महिनाभर उभं राहिल्यावर सुरू होताना प्रचंड धूर, किंवा सेल्फच अडकणं, ही त्याची लक्षणं. ही सील बदलायला क्रँककेस फोडावी लागते, म्हणजे फुल इंजिन. हाफ इंजिनच्या बेताने आलेल्या माणसाचा हिशेब इथे उलटतो.

वरचं काम खोलल्यावर

इथपर्यंत यंत्र पास झालं असेल तर हेड आणि सिलिंडर काढा. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या यंत्रात ॲल्युमिनियममधले स्टीलचे बोल्ट गोठलेले असतात. भेदक तेल आदल्या दिवशी घाला, गरम हवेने ॲल्युमिनियम तापवा, मागेपुढे हलवत सोडवा. एकच जोर लावला की बोल्ट तुटलाच.

सिलिंडरची भिंत कशाची आहे हे आधी ठरवा. ७१७ आणि ७८७ मध्ये ओतीव लोखंडाची स्लीव्ह आहे. ती बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. ओव्हरसाईज पिस्टन घालता येतो. सी-डूच्याच ९५१ मध्ये निकासिल नावाचा कठीण मुलामा आहे, तो बोअर होत नाही. त्याला पुन्हा मुलामा द्यावा लागतो किंवा स्लीव्ह घालावी लागते, आणि दोन्ही साध्या बोअरपेक्षा महाग. मुलामा शाबूत असून त्यावर फक्त पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने ते काढता येतं. हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याने नेमक्या डागावर करायचं. उघड्या ॲल्युमिनियमला ॲसिड लागलं तर ते खाऊन टाकतं.

बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांना मोजा. टेपर (वरच्या-खालच्या व्यासातला फरक) किंवा लंबगोलपणा ०.१ मि.मी.पर्यंत पोचला असेल तर फक्त होन करून (भिंत दगडाने बारीक घासून) नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आधीच शेवटच्या ओव्हरसाईजवर असलेला सिलिंडर पुन्हा बोअर होणार नाही. पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा वाचला की हे लगेच कळतं.

मशीन शॉपकडे जाताना नवे पिस्टन सोबत न्या. आधी बोअर आणि मग पिस्टन असा क्रम ठेवला की फट चुकते. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्यापुरता सिलिंडर कापायचा. ओतीव पिस्टनला फट कमी लागते, फोर्ज्ड पिस्टनला जास्त, आकडा पिस्टनच्या पाकिटातल्या कागदावर असतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा घासून गोल करायला आठवणीने सांगा. मोटरसायकलची चार-स्ट्रोक इंजिनंच करणाऱ्या कारागिराला हे सुचत नाही, आणि धारदार कडेत रिंग अडकून तुटते. रिंगेची तोंडफट सिलिंडरमध्ये बसवून मोजा, बऱ्याच इंजिनांत ती ०.२५ ते ०.४० मि.मी.च्या दरम्यान हवी असते. आणि सिलिंडर घरी आणल्यावर गरम पाणी आणि साबणाने, पांढऱ्या कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत घासा. नुसतं पेट्रोलने पुसलं तर होनची भुकटी भिंतीत राहते आणि नव्या रिंगा खाते.

खरा निर्णय क्रँकवर

सिलिंडर बाजूला झाले की क्रँक दिसतो, आणि हाफ की फुल हे इथे ठरतं. या इंजिनांचा क्रँक अनेक तुकडे दाबून बसवलेला असतो आणि रोलर बेअरिंगांवर फिरतो.

प्रत्येक रॉड वर धरून सरळ वर-खाली खेचा. थोडाही खडखडाट चालत नाही. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकतो, तो सरकायलाच हवा, त्याची मर्यादा फीलर गेजने मॅन्युअलशी ताडा. क्रँक हळू फिरवा: खरखर, अडकणं, एखाद्या जागी जड होणं म्हणजे बेअरिंगमध्ये गंज. टॉर्च लावून रोलरांवर तपकिरी ठिपके शोधा. गंजाचा एक ठिपका दिसला तरी तो क्रँक गेला असं समजा. धुऊन, तेल लावून तो गुळगुळीत फिरेल, पण खड्डा पडलेला रोलर मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांत फार टिकत नाही, आणि फुटताना नवे पिस्टनही सोबत घेऊन जातो.

मग डायल गेज. क्रँकच्या टोकाचं रन-आउट (फिरताना होणारं डगमगणं) साधारण ०.०५ मि.मी.च्या आत असावं. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक पिस्टन सगळ्यात वर असताना दुसरा बरोबर सगळ्यात खाली हवा, तीन सिलिंडरमध्ये १२० अंशांचं अंतर हवं. अंशचक्र लावून मोजा. इंजिन एकदा पाणी पिऊन अडकलं असेल किंवा इम्पेलरमध्ये दोर अडकून झटक्यात थांबलं असेल तर दाबून बसवलेला क्रँक पिळला जातो. मग एका सिलिंडरचं इग्निशन टायमिंग चुकतं आणि तोच पिस्टन पुन्हापुन्हा जळतो. एकाच सिलिंडरमध्ये दोनदा पिस्टन गेल्याची हकीगत ऐकलीत की आधी हे तपासा.

क्रँक निर्दोष, गळती नाही, कारण सापडलं: हाफ इंजिन करा, पण सगळ्या सिलिंडरांचं करा. एकच पिस्टन बदलून दुसरा झिजलेला ठेवायचा म्हणजे पुन्हा दोन महिन्यांत तेच गॅस्केट विकत घ्यायचं. क्रँक संशयास्पद असेल तर हाफ इंजिनवर एक पैसाही घालू नका. इथे मधला मार्ग नाही.

फुल इंजिनच्या वाटेवर तीन पर्याय असतात. स्वतः सगळं बांधायचं: बांधलेला क्रँक, सील, पिस्टन, बोअर, गॅस्केट, क्रँककेसचा सीलंट, आणि फ्लायव्हील पुलर व टॉर्क रेंच यांसारखी हत्यारं. रोटरी व्हॉल्व्हच्या इंजिनात यात चकतीचं टायमिंग अंशचक्राने लावणंही आलं, आणि ते चुकलं तर इंजिन सुरू होईल पण ताकद मिळणार नाही. दुसरा पर्याय, जुनं इंजिन देऊन बांधलेलं इंजिन घ्यायचं. सगळा हिशेब केल्यावर हे स्वतः बांधण्यापेक्षा फार महाग पडत नाही, आणि वॉरंटी मिळते. फक्त दोन गोष्टी आधी विचारा: जुन्या क्रँककेसला भोक पडलं असेल तर ते परत घेतात का, आणि वॉरंटीसाठी कार्ब्युरेटर आणि नळ्या नव्या केल्याचा पुरावा मागतात का. तिसरा पर्याय वापरलेलं इंजिन. ते वरच्या सगळ्या चाचण्यांतून गेलं असेल तरच घ्या. "काढलं तेव्हा चालू होतं" हे प्रत्येक वापरलेल्या इंजिनबद्दल सांगितलं जातं.

यादीत हमखास सुटणाऱ्या वस्तू: पिस्टन पिनच्या नव्या सर्क्लिप (जुन्या कधीच परत वापरू नका), वरची नीडल बेअरिंग, एक्झॉस्टच्या रबरी जोडण्या आणि क्लॅम्प, इंजिन माऊंट, प्लगचे किमान दोन सेट, आणि कपलर एका रेषेत आणण्यासाठी लागणाऱ्या शिम (पातळ पत्र्याचे तुकडे). अलाइनमेंटचं हत्यार भाड्याने मिळत असेल तर घ्या, अंदाजाने बसवलेलं इंजिन कंप पावत राहतं.

चार-स्ट्रोक असेल तर

इथे कॉम्प्रेशनसोबत लीक-डाउन चाचणी करा: पिस्टन वर आणून १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. १०-१५ टक्के ठीक, ३० च्या आसपास वाईट. हवा एक्झॉस्टमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून तर रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

तेल दुधाळ असेल पण इंजिन हाताने फिरत असेल आणि पाणी नुकतंच गेलं असेल, तर तेल आणि फिल्टर बदलून थोडं चालवणं, परत बदलणं, असं तीन-चारदा करून ते वाचू शकतं. पाणी आठवडाभर आत राहिलं असेल तर आशा कमी. सुपरचार्जर असलेल्या सी-डू ४-टेकमध्ये २००८ पर्यंत सिरॅमिकच्या वॉशर होत्या. त्या फुटल्या की चुरा तेलासोबत इंजिनभर फिरतो. तेलाच्या जाळ्या, पंप आणि खालचं झाकण उघडून तो काढावा लागतो, नुसता सुपरचार्जर बदलून भागत नाही. विकणारा "सुपरचार्जर गेलाय, बाकी ठीक" म्हणाला तर तेलाचा फिल्टर कापून पसरून बघा.

वाकलेले व्हॉल्व्ह, झिजलेली क्रँक बेअरिंग किंवा फुटलेला रॉड असेल तर जुनं चार-स्ट्रोक इंजिन घरी बांधणं सहसा परवडत नाही. तिथे पूर्ण इंजिन बदलायचं, नाहीतर यंत्र सुटं करून विकायचं.

नाही म्हणायचं ठरलं तर

हलमध्ये पाणी मुरलेलं, कंट्रोल मॉड्यूलही गेलेलं आणि क्रँक गंजलेला, अशा तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तर बांधू नका. सुटं करताना चालू इलेक्ट्रॉनिक बॉक्स, कार्ब्युरेटर, पंप, इम्पेलर, स्टार्टर, गेज आणि सीट यांना मागणी असते. प्रत्येक वस्तूवर मॉडेल आणि वर्ष लिहून ठेवा. ट्रेलर वेगळा विका. रिकामा हल उचलायला बहुधा कोणीच येत नाही, त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च दुसऱ्या आकड्यातून आधीच वजा करा.

आणि निर्णय लांबणार असेल तर उघडलेलं इंजिन तसंच सोडू नका. त्याच दिवशी सिलिंडरच्या भिंतींना आणि क्रँकच्या बेअरिंगांना दोन-स्ट्रोक तेल भरपूर लावा, क्रँक दोन-चार फेऱ्या फिरवा, सगळी तोंडं कापडाने नव्हे तर प्लास्टिक आणि टेपने बंद करा. कापड दमट हवा धरून ठेवतं, आणि होन केलेल्या लोखंडी सिलिंडरवर गंज चढायला एक रात्र पुरते.